अकरा पदरांचं गाळणं

१

मन्नाएखेळ्ळीत जगदेवप्पाची पिठाची गिरणी कुणाला विचारत शोधावी लागत नसे, कान असले की पुरे. इंजनाच्या धुराच्या नळीवर त्यानं पत्र्याचं रिकामं डबडं उलटं बसवलं होतं. त्यातून पुक-पुक, पुक-पुक असा काही आवाज निघायचा की हायवे ओलांडून, ओढ्यावरच्या पुलापल्याडच्या वस्तीपर्यंत जायचा. बायका सकाळीच ज्वारीचे डबे गिरणीत ओळीनं ठेवून घरी जायच्या, भाकरी थापायच्या, आणि पुक-पुक कानावर आलं की पदर खोचून निघायच्या. घड्याळ बघून दळणाला येणारी बाई त्या गावात नव्हती.

एकोणऐंशी साली डिझेलचा दुष्काळ पडला आणि हे सगळं थांबलं. पंपावर रिकाम्या टिपाडांची रांग दोन-दोन दिवस हलायची नाही. गिरणी अकरा दिवस मुकी. घरोघरची जाती कोपऱ्यातून पुढं आली, आणि ज्यांच्या हाताला फोड आले त्या बायका जगदेवप्पाचा उद्धार करत दळू लागल्या.

"पंपवाल्याला कुणी काय म्हनंना, मलाच शिव्या," तो बायकोला म्हणाला.

"पंपवाला हितं ऱ्हातोय व्हय? तुम्ही हाताशी हाव," दानम्मा म्हणाली आणि भाकरी उलटली.

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. जगदेवप्पा गडी मोठा हौशी. बिघडलेला रेडिओ उघडायचा, परत जोडायचा, चार स्क्रू हातात उरायचे, आणि तरी रेडिओ बोलायचा. असा माणूस अकरा दिवस स्वस्थ बसला हेच नवल होतं. बाराव्या दिवशी तो भीमराजच्या शेडवर गेला.

भीमराज हायवेला ट्रकांची इंजनं दुरुस्त करायचा. बौद्धवाड्यातला पहिला मॅट्रिक, हैदराबादेत काम शिकून आलेला. बोलणं मोजकं, आणि जीव सगळा मनगटावरच्या घड्याळात. त्याच्या शेडमागं ट्रकांतून काढलेलं जळकं ऑइल टिपाडांत साठलेलं असे. वाळवी लागू नये म्हणून लोक ते कुंपणाच्या खांबांना फासायला न्यायचे, एवढाच त्याचा उपयोग.

"हे इंजनात चालत न्हाई व्हय?" जगदेवप्पानं विचारलं.

भीमराजनं बोट बुडवून पाहिलं. "घाण काढली अन् थोडं रॉकेल घातलं तर चालंल, अण्णा. काढायची कशी ते तुम्ही बघा."

झालं. दुपारपर्यंत दोन टिपाडं बैलगाडीतून घरी आलीसुद्धा.

२

घर आणि गिरणी एकाच अंगणात होती. त्या अंगणात त्यानं दगड रचून तीन पायऱ्या केल्या आणि तिन्हींवर एकेक टिपाड चढवलं. पहिल्यात तेल आठ दिवस उन्हात निवळत ठेवायचं, म्हणजे गाळ तळाला बसतो. दुसऱ्याखाली तुराट्यांचा जाळ. तेलातलं पाणी तडतडत उडून जाईपर्यंत तापवायचं. तिसऱ्याच्या तोंडावर जुन्या धोतराची पाच पदरी घडी, मधेमधे कापूस, आणि त्यातून थेंब-थेंब खाली.

गाळायच्या पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. पहिल्या टिपाडाची तोटी तळाला लावली होती, तिच्यातून चिखलच आला.

दानम्मा कंबरेवर हात ठेवून बघत होती. "लोणी कढवल्यावर तूप वरनं काढतेत का खालनं? बेरी खाली ऱ्हाऊ द्या की. तोटी वीतभर वर लावा."

"मला ठावं व्हतं," जगदेवप्पा म्हणाला आणि तोटी वीतभर वर लावली.

पहिल्यांदा इंजन चालू केलं त्या दिवशी सगळा बाजार अंगणात जमला होता. भीमराजनं हँडल मारलं. आधी असा काळा धूर आला की कडुनिंबावरचे कावळे उठले. मग इंजन खोकलं, दोनदा गचके खाल्ले, आणि पुक-पुक सुरू झालं. जगदेवप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते धुरावर ढकललं. दानम्मा आपल्या जागी उभी राहिली. दाणे ओतायचं काम तिचंच. दाण्याच्या पेटीपुढं एक माणूस मावेल एवढी जागा, आणि पाठीशी हातभर अंतरावर भिंतीतून आलेला इंजनाचा पट्टा पळत असायचा. इतकी वर्षं ती तिथं पदर कंबरेला खोचून उभी राहत आली होती.

"भाकरीला ट्रकचा वास यायलाय," असं गावानं चार दिवस म्हणून घेतलं आणि पाचव्या दिवशी विसरून गेलं.

३

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी जगदेवप्पा इंजनात तेल ओतत असताना चंद्रभागाबाई दारात येऊन उभी राहिली. ओढ्यापल्याडच्या वस्तीवरची ही म्हातारी, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ.

"माझं दळण झालं का?"

"मावशी, अजून हँडल मारलं न्हाई मी."

"कामून थट्टा करायलास? आवाज आइकून तर निघाले. पुलावर येईस्तोवर चालू व्हता."

"अन् मग?"

"मग काय, पूल उतरले अन् बंद पडला. बिघाड झाला म्हनलं."

जगदेवप्पा पोट धरून हसला. म्हातारीचे कान गेले, असं त्यानं दिवसभर सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार बायका एकदम आल्या, धापा टाकत, आणि इंजन थंड बघून चौघीही त्याच्यावरच डाफरल्या. चौघी ओढ्यापल्याडच्याच. गावातल्या कुणाला काही ऐकू आलं नव्हतं.

त्यानं डोकं चालवलं. दुसऱ्या गावची गिरणी असेल म्हणावं, तर तिकडंही डिझेल नाही. कुणाचा पाण्याचा पंप म्हणावा, तर तेच. वाऱ्यानं कालचा आवाज फिरून आला असेल, असं त्यानं शेवटी ठरवलं. आवाज काही डब्यात भरून ठेवता येत नाही हे त्याला कळत होतं, पण दुसरं काही सुचेना. शिवाय यात तोटा कुठं होता? हँडल मारायच्या आत गिऱ्हाईक दारात हजर.

"आधी वरात अन् मग लगीन म्हनायचं," दानम्मा म्हणाली.

धूर कमी व्हावा म्हणून त्यानं गाळण्याचे पाच पदर होते ते नऊ केले. तेल छान उतरलं, तांबूस, हलकं. आणि पल्याडच्या बायका आणखी लवकर येऊ लागल्या. आधी त्या येऊन टेकायला आणि इंजन चालू व्हायला गाठ पडायची. आता त्या यायच्या, पान लावायच्या, एक भांडण काढून ते पुरं करायच्या, आणि मग जगदेवप्पा हँडलला हात घालायचा.

पदर वाढले तसा आवाज पुढं सरकला होता. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो तोटीखाली बसून थेंब मोजत होता. थेंब पडायचा थांबला, असं त्याला क्षणभर वाटलं. मग पडला.

४

"घड्याळ घेऊन पुलापल्याड उभा ऱ्हा," त्यानं भीमराजला सांगितलं. "मी बरोबर नऊला चालू करतो. एकदाचा सोक्षमोक्ष."

नऊच्या ठोक्याला त्यानं हँडल मारलं. दानम्मानं दाणे ओतायला घेतले. बावीस मिनिटांनी भीमराज सायकल भिंतीला टेकवून आत आला. तो घामानं डबडबला होता, आणि पुलापासून गिरणीपर्यंत चढ नव्हता.

"आठ अठ्ठेचाळीसला चालू झालं," तो म्हणाला.

"घड्याळ पुढं असंल तुझं."

"सकाळी रेडिओवर लावलंय, अण्णा." भीमराजची नजर पट्ट्यावर होती. "अन् सव्वानऊला पट्टा निसटला. फाटकन आवाज आला, तवा निघालो मी."

"कुठं निसटला? हे काय, पळायलाय की."

"तुम्ही शिवी बी दिलाव."

जगदेवप्पा हसला. त्यानं हसतच पट्ट्याकडं बोट केलं. भीमराजनं मनगट वर केलं, नऊ सत्तावीस झाले, आणि पट्टा चाकावरून फाटकन निसटून भिंतीवर आपटला. दानम्मा एक पाऊल बाजूला सरली.

"मुडद्या, आत्ताच सुचलं तुला," जगदेवप्पाच्या तोंडून निघालं. शेजारी भीमराजचे ओठ हलत होते. तो तेच शब्द म्हणत होता, त्याच्याबरोबर.

इंजन बंद करून दोघं कडुनिंबाखाली बसले. दानम्मानं चहा आणला.

"हे तेल एकदा चालून आलेलं हाय," भीमराज म्हणाला. "कुठल्या कुठल्या ट्रकांत. चाललेलं परत चालवायलाव आपण."

"मग?"

"मग काय ते मला ठावं न्हाई. मी असतो तर फेकून दिलो असतो."

जगदेवप्पाच्या अंगावर काटा आला होता. पण हातानं बांधलेली, गाव बघायला येतं अशी वस्तू माणूस एका काट्यासाठी फेकत नाही. उलट त्याला वाटलं, कसर गाळण्यातच आहे. तेल पुरतं शुद्ध केलं की ही भानगड आपोआप मिटेल. त्यानं चौथी पायरी रचली, चौथं टिपाड चढवलं, आणि पदर अकरा केले. रविवारी संध्याकाळी जे तेल उतरलं ते मधासारखं होतं. त्यानं ते लगेच इंजनाच्या टाकीत भरलं.

५

सोमवारी त्यांच्या घरात बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत. बसवण्णाचा वार. जगदेवप्पाचं म्हणणं, इंजनही बैलच, त्यालाही सुट्टी. गिरणीला कुलूप लावून, किल्ली कमरेला अडकवून तो सकाळी फिरत फिरत पुलापल्याड गेला. आज तरी तिथं शांत असणार, एवढंच बघायचं होतं.

पूल ओलांडून तो दहा पावलं गेला असेल, आणि पुक-पुक सुरू झालं.

आधी त्याला भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर मौज वाटली. वीस वर्षं गिरणी चालवली, पण ती चालू असताना तो कधी बाहेर नव्हता. आपली गिरणी लांबून कशी ऐकू येते ते त्याला ठाऊकच नव्हतं. एकसारखा, गोड आवाज. एक गचका नाही. अकरा पदरांनी काम केलं होतं. त्यानं पुलाच्या कठड्याला टेकून तंबाखू मळायला घेतली.

मग मधेच आवाज जड झाला. चाकात काहीतरी अडकल्यावर इंजन कण्हतं तसा. पट्टा फाटफाट आपटला. आणि एक पुरुष ओरडला, "दानम्मा."

बाप ओरडला असं त्याला वाटलं. बाप मरून नऊ वर्षं झाली होती. पण सासरा सुनेला तसा कशाला ओरडेल? मग त्याला कळलं की आवाज त्याचा स्वतःचा आहे, फक्त तो त्यानं कधी बाहेरून ऐकला नव्हता. एकदा ओरडून तो थांबला. इंजनही थांबलं. ओढ्यात एक म्हैस पाणी हलवत होती, तेवढंच ऐकू येत राहिलं.

तंबाखू सांडली होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण जगदेवप्पानं बायकोला नावानं हाक मारली नव्हती. त्यांच्यात मारतच नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी 'अगं', नाहीतर 'ऐकलीस का'. शुद्ध सुटल्याशिवाय त्याच्या तोंडून ते नाव तसं निघालं नसतं.

तो घरी धावत गेला. दानम्मा अंगणात तूर पाखडत होती, सूप हातात, तोंडात गाणं. तिला असं धडधाकट बघून तो उंबऱ्यावर बसला.

"काय झालं? वाघ बघितलाव का?"

"काय न्हाई," तो म्हणाला.

६

त्याच दिवशी त्यानं टाकीतलं तेल काढलं, टिपाडातलंही काढलं आणि सगळं कुंपणाच्या खांबांना ओतलं. पट्टा उतरवला, गुंडाळला आणि घरात पलंगाखाली ठेवला. इंजनाचं हँडल विहिरीत टाकलं.

"ऊन लागलंय तुम्हाला," दानम्मा म्हणाली. हँडल बुडताना तिनं स्वतः बघितलं होतं.

"नवीन घेऊ. तू गिरणीत पाऊल टाकायचं न्हाई, एवढंच सांगतो."

"बरं झालं. बावीस वर्षांत पहिल्यांदा सुट्टी दिलाव."

मंगळवारी पल्याडच्या बायका डबे घेऊन आल्या आणि कुलूप बघून त्याला वाट्टेल ते बोलून गेल्या. दिवसभर तो दानम्माच्या मागं-मागं होता. ती विहिरीवर तर हा विहिरीवर, ती चुलीपुढं तर हा चुलीपुढं. तिनं शेवटी त्याच्या हातात लसूण दिला आणि सोलायला बसवलं. त्याला एकच गणित सुटत नव्हतं. नऊ पदरांना बारा मिनिटं, तर अकरा पदरांना किती? एक दिवस? दहा दिवस? की तेल गेलं तसं तेही गेलं?

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी भीमराज सांगत आला की सोमवारपर्यंत पंपावर डिझेल येतंय. तेल ओतून दिल्याचं कळल्यावर तो इतका हसला की जगदेवप्पानं त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"लाइटीची मोटर बसवू, अण्णा. आवाज बी न्हाई अन् धूर बी न्हाई."

त्या दिवशी जगदेवप्पा पोटभर जेवला. लसूण तो आता सराईतपणे सोलत होता.

७

शनिवारी चंद्रभागाबाईच्या नातवाचं बारसं होतं. पुलापल्याड जायचं म्हणजे गिरणीपासून लांबच, म्हणून जगदेवप्पानं दानम्माला आनंदानं पाठवलं.

दुपारी ती जवळजवळ पळतच परत आली. काखेत आहेराचं गाठोडं, तोंड लाल झालेलं, आणि हसू दाबता दाबता दाबत नव्हतं. चाळीशीची बाई, पण त्या घटकेला ती अठराची दिसत होती.

"हाक मारलाव ना मला?" ती म्हणाली.

त्यानं सोलायला घेतलेला लसूण खाली ठेवला.

"नावानं. पाळण्याला झोका द्यायलो व्हतो आमी, तर मशीनचा आवाज आला, अन् तुम्ही हाक मारलाव. सगळ्या बायकांनी आइकलं. चंद्रभागामावशी म्हनली, जा बाई, बावीस वर्षांनी बोलावणं आलंय." तिनं पदर तोंडाला लावला. "मला लाज बी वाटली. पन बरं वाटलं. लई बरं वाटलं."

गिरणीला कुलूप होतं. किल्ली त्याच्या कमरेला होती.

"परत एकदा म्हना की," दानम्मा हळूच म्हणाली. "हितं कोन बी न्हाई."

नाव त्याच्या जिभेवर आलं होतं. इतकं सोपं, तीन अक्षरांचं. त्यानं हाताच्या तळव्यानं स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि मान हलवली. दानम्माचं हसू उतरलं. इतकी वर्षं ती याची वाट बघत होती हे त्याला त्या वेळी पहिल्यांदा कळलं, आणि त्याला रडू आलं.

"एवढं जड जातंय व्हय," ती म्हणाली आणि गाठोडं घेऊन घरात गेली.

त्यानं कुलूप काढलं. आत अंधार होता. पिठाचा ताजा वास येत होता. त्यानं पिठाच्या पेटीत हात घातला. पीठ कोपरापर्यंत गरम लागलं. डोळे सरावल्यावर त्याला पट्टा दिसला, पलंगाखाली ठेवलेला पट्टा, तो इथं चाकावर चढलेला होता. त्याच्या सांध्यात काहीतरी अडकलं होतं. त्यानं ते दाराच्या उजेडात आणून पाहिलं. लुगड्याच्या काठाचा बोटभर तुकडा, जांभळा.

जांभळा. दानम्माच्या ट्रंकेत चार लुगडी होती. दोन हिरवी, एक तांबडं, एक सासूचं मातकट. जांभळं तिच्याकडं नव्हतं, कधी नव्हतंच. त्यानं परत एकदा मोजलं आणि तो मोठ्यानं हसला. ही दुसऱ्याच कुणाची गोष्ट होती, कुठल्या लांबच्या ट्रकाबरोबर आलेली, त्याच्या घराशी तिचा संबंध नव्हता. त्या कुण्या बाईचं त्याला वाईटही वाटलं. पिठानं भरलेले हात घेऊन तो अंगणाच्या पार टोकाला विहिरीवर गेला आणि खसाखसा धुऊ लागला. आता आत जाऊन बायकोला खुशाल नावानं हाक मारू, शंभरदा मारू, असं त्यानं ठरवलं.

घराचं दार वाजलं. दानम्मा बाहेर आली. तिचा राग कधीच फार टिकत नसे. हातात केरसुणी होती, आणि चंद्रभागाबाईनं आहेर केलेलं नवं लुगडं ती नेसली होती.

"नाव नका घेऊ, पन बघा तरी कसं दिसायलंय," ती तिथूनच म्हणाली आणि उन्हात एक गिरकी घेतली. लुगडं जांभळं होतं, नवंकोरं, आणि पदर अजून कंबरेला खोचला नव्हता. मग तिचं लक्ष गिरणीकडं गेलं. "अगं बया, उघडलाव व्हय? बरं झालं. आठ दिवसांचं पीठ साचलं असंल, झाडून घेते."

ती उंबरा चढली. भिंतीपल्याड, जिथं टाकीत थेंब तेल नव्हतं, एकदाच पुक झालं.

जगदेवप्पा ओल्या हातांनी धावत सुटला, आणि त्याला 'अगं' काही केल्या आठवेना.